निंगप्पाची चिठ्ठी

"अक्कोरे, तुमचा काटा खोटा हाय!"

तायम्मा अंगणवाडीच्या दारातूनच ओरडली. "गेल्या म्हयन्यात पोरगी जेवढी भरली, त्याच्यापरीस आज कमी भरती म्हंजी काय? म्हयनाभर आमी तिला वारा खाऊ घातला व्हय?"

कल्लमुडीत वजनाचा दिवस असाच असायचा. आढ्याला काटा टांगलेला, काट्याला कापडाची झोळी, झोळीत रडणारं पोर आणि भोवती पोराहून मोठ्यानं बोलणाऱ्या बाया. कार्तिकाचं ऊन कोवळं होतं, पण काळ्या रानावरून येणारा वारा कोरडा होता आणि खळ्यावर वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका त्याच्याबरोबर आत येत होता. रानं कापसानं पांढरी झाली होती. कुणाला घटकाभर थांबायला सवड नव्हती. भांडायला मात्र तायम्माला सवड होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा जन्माचा धंदा.

"काटा खोटा न्हाई, तायम्मा. पोरगीच खाली चाललीय," अमरम्मा म्हणाली.

अमरम्मा बावीस वर्षं याच खोलीत गावाची पोरं सांभाळत, शिकवत आणि तोलत आली होती. गाव तिला अक्कोरे, म्हणजे शिकवणारी बाई, म्हणायचं. तिनं तोललेल्या पोरी आता आपली पोरं घेऊन तिच्यापुढं रांगेत उभ्या राहायच्या.

पण तायम्माचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. झोळी रिकामी असली तरी काटा शून्यावर येत नसे, दोनशे ग्रॅम पुढं थांबे. तेल घालून झालं, झटकून झालं. दर वेळी अमरम्मा मनातल्या मनात दोनशे वजा करी आणि वहीत आकडा लिही. रिकामी झोळी वाऱ्यानं हलली की मात्र तिची नजर तिकडं जायची. कुणीतरी त्यात बसलंय आणि उतरायचं विसरलंय असं तिला वाटायचं. कोण बसलंय, हेही तिला ठाऊक होतं.

निंगप्पा. तायम्माच्या सुनेचा, हुलिगेम्माचा, थोरला पोरगा. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत तो गेला, पावणेदोन वर्षांचा. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर ती लाल रंगावर आली होती. अमरम्मानं रीतसर लाल चिठ्ठी लिहून दिली होती, शिक्का मारून. जिल्ह्याच्या दवाखान्यात अशा वाळलेल्या पोरांसाठी वेगळी खोली होती. चिठ्ठी दाखवली की आईसकट चौदा दिवस ठेवून घेत. वहीत तिनं 'पाठवले' असं लिहिलं. हुलिगेम्मा गेलीच नाही. तेविसाव्या दिवशी पोर गेलं. चौकशी आली तेव्हा अमरम्मानं सांगितलं, चिठ्ठी दिली होती, आई गेली नाही. गावानंही तेच म्हटलं. हातात कागद असून बया जागची हलली नाही, असली कसली आई!

सगळं खरं होतं. तरी अमरम्माचा हात अंडी उकडताना एक अंडं जास्त टाकायचाच. पटावर एकवीस पोरं, पातेल्यात बावीस अंडी. हजेरी घेताना 'न' आला की तिची जीभ अडखळायची.

आता झोळीत होती तिप्पव्वा. निंगप्पानंतर सहा महिन्यांनी झालेली, दीड वर्षाची. ही तरी जगावी म्हणून बाराव्या दिवशी तिला उकिरड्यावर ठेवली होती. जिची सगळी लेकरं जगलीत अशा बाईनं तिला तिथून उचलायचं आणि सूपभर कोंडा देऊन विकत घ्यायचं. मग तिच्या आईला फक्त सांभाळायला द्यायचं. म्हणजे वाईट नजर खऱ्या आईच्या घरी शोधत येते आणि हात हलवत परत जाते. अमरम्माची तिन्ही लेकरं जगलेली. हुलिगेम्मा तिच्या पायाशी येऊन बसली तेव्हा तिला नाही म्हणवेना. तिनंच पोर उचललं, तिनंच कोंडा दिला. कानडीत उकिरडा म्हणजे तिप्पे, म्हणून नाव तिप्पव्वा.

ती तिप्पी आता झोळीत बसून रडतही नव्हती. रडणारं पोर चांगलं, हे अमरम्मा बावीस वर्षांत शिकली होती. पोर गप्प बसलं की ती त्याचा दंड दोनदा मोजायची.

आणि दुसरी एक गोष्ट होती. तिप्पीच्या हातात अंडं दिलं की ती ते मोडायची, अर्धं शेजारच्या रिकाम्या जागेपुढं धरायची आणि "अन्ना" म्हणायची, थोरल्या भावाला म्हणतात तसं. कुणी घेत नाही म्हटल्यावर तिथंच ठेवायची. घरी तायम्मा रोज जेवणाआधी भाकरीचा एक घास निंगप्पाच्या नावानं भिंतीशी ठेवते, ते बघून पोरगी शिकली असणार. कारण ठाऊक असलं तरी अमरम्माच्या अंगावर काटा यायचा तो यायचाच. पोरगी एवढीशी, आणि तिचं अर्धं जेवण जात होतं ते जो नाही त्याला.

"हुलिगी, उचल तिला. दंड बघू," अमरम्मा म्हणाली.

हुलिगेम्मा झोळीतून पोर उचलायला गेली आणि पोरीच्या गळ्यातला दोरा काट्याच्या आकड्यात अडकला. हिसका बसला, दोरा तुटला, तांब्याचा ताईत फरशीवर पडला. मागून पुढं येणाऱ्या तायम्माचा पाय त्यावर पडला आणि नळीच्या तोंडाची लाख फुटली.

"यव्वा!" हुलिगेम्मा किंचाळली. पोर तसंच काखेत धरून ती खाली बसली, पण ताईत आधी अमरम्माच्या हाताला लागला. नळीतून कागदाची सुरळी अर्धी बाहेर आली होती. लाल कागद, त्यावर जांभळा शिक्का. अमरम्मानं तो उलगडला.

अक्षर तिचंच होतं. 'निंगप्पा, वय २१ महिने.' खाली तिची सही.

ती सहीवर बोट ठेवून बसली. बाया बोलत होत्या, तायम्मा पायाखाली काय आलं म्हणून कुरकुरत होती, आणि अमरम्माला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"हे... हे हिच्या गळ्यात कसं आलं गं?"

"तुमीच दिलेलं न्हवं का, अक्कोरे." हुलिगेम्माच्या आवाजात नवल होतं. "तुमी म्हनला, ही चिठ्ठी जपून ठेव, पोराजवळच ठेव, हरवू नगं, हिनंच पोरगं वाचंल. मी त्याच दिशी कापडात शिवून त्याच्या गळ्यात बांधली. पर मी येडी. न्हाऊ घालताना भिजली एक डाव. तवापासनं पोरगं उतरलंच." तिनं पदरानं नाक पुसलं. "कुनाला सांगितलं न्हाई मी. माजीच चूक व्हती. म्हनून हिच्या टायमाला सोनाराकडनं तांब्याची नळी करून घेतली. लाख लावली. पान्याचा थेंब लागू दिला न्हाई."

अमरम्मानं कागदावरचा पाण्याचा डाग अंगठ्यानं पुसून बघितला.

"आता जुनी झाली असंल," हुलिगेम्मा हळूच म्हणाली. "ताकद गेली असंल तिची. नवी लिवून देता का, अक्कोरे? हिच्या नावाची?"

गावात कुणाच्या गळ्यात मठाचा कागद होता, कुणाच्या दर्ग्याचा. जाणत्या माणसानं लिहावं, शिक्का मारावा, तो कागद नळीत घालून पोराला बांधावा, हेच सगळ्यांनी आज्या-पणज्यांपासून बघितलेलं. दवाखान्याचा कागद तेवढा वेगळा असतो हे कुणी सांगायचं? अमरम्मानं सांगायचं. आणि त्या दिवशी दारात सुपरवायझर बाईंची जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बस कुठली, दवाखान्यात कुठं जायचं, किती दिवस राहायचं, हे सगळं संध्याकाळी घरी जाऊन सांगू म्हणून ती उठली. ती संध्याकाळ तशीच गेली. मग लसीकरण आलं. मग वहीत 'पाठवले' लिहिलेलंच होतं.

तिनं तिप्पीचा दंड पट्टीत घेतला. लाल. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं ओढला, पेन उघडलं. 'तिप्पव्वा' एवढं लिहायचं होतं. हात कागदावर ठेवला आणि तो हलेचना. समोर हुलिगेम्मा दोन्ही हात पुढं करून बसली होती, देवळात तीर्थ घ्यायला बसतात तशी.

अमरम्मानं पेन बंद केलं.

"ऊठ," ती म्हणाली. "आत्ताच्या बसनं जायचं. मी येते संगं."

"कुठं?" तायम्मा पुढं सरसावली.

"जिल्ह्याला. दवाखान्यात. चौदा दिवस राहावं लागंल."

"चौदा दिस!" तायम्मानं कपाळाला हात लावला. "कापूस फुटलाय रानात. हिचा नवरा तिकडं बेंगळूरला इटा वाहतोय. सून दवाखान्यात जाऊन बसली तर येचनी कोन करनार, तुमचं सरकार? अन् अक्कोरे, खरं सांगू का? जानारं लेकरू जातं. तिचा अन्ना तिला बोलवायलाय. तुमाला दिसत न्हाई का, रोज त्याला भरवती ती? तिथं डाक्टर काय करनार?"

 बाया एकमेकींकडं बघायच्या थांबल्या. ज्या कोपऱ्याकडं तायम्मानं बोट केलं होतं, तिकडं बघायची कुणाची छाती होईना. हुलिगेम्मानं पोर छातीशी घट्ट धरलं आणि मान खाली घातली. सासूपुढं ती आजवर बोलली नव्हती, आताही बोलणार नव्हती.

अमरम्माला राग आला. तायम्माचा आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

"तायम्मा, ही पोरगी कुनाची?"

"म्हंजी? आमची."

"तुमची? उकिरड्यावरनं कुनी उचलली? सूपभर कोंडा कुनी दिला? तूच पदर पसरून घेतला की न्हाई?"

तायम्मानं खांद्यावरचा पदर मुठीत आवळला.

"इकली न्हाई म्हन. म्हन सगळ्यांम्होरं. आयकू दे, जे कोन कोपऱ्यात बसून आयकत असंल त्याला. की ही पोरगी हुलिगेम्माचीच हाय म्हनून."

"गप, गप बया!" तायम्मानं झटकन आपल्याच तोंडावर हात ठेवला. "असलं अभद्र बोलू नगासा. तुमचीच हाय. तुमचीच."

"मग माझी पोरगी मी नेते. अजून अंगावर पिते, म्हनून हुलिगीला संगं नेते, दाई म्हनून. तुझी सून चौदा दिस माझ्याकडं कामाला हाय असं समज."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तायम्मा रागारागानं पायऱ्या उतरून गेली. बस यायला अर्धा तास होता, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं झालं. हुलिगेम्माचं आधार कार्ड सापडेना, तिप्पीचं दुपटं ओलं निघालं, अंगणवाडीला कुलूप लावायची किल्ली मदतनीस बाईच्या कमरेला आणि ती बाई रानात. बस फाट्यावर दिसली तेव्हा तायम्मा धावत येताना दिसली. ती परत भांडणार असं वाटलं. तिनं खिडकीतून एक गाठोडं आत ढकललं. भाकरी होत्या, चटणी होती, आणि वर तिचं स्वतःचं घोंगडं.

"तिथं गार असतंय म्हनं," ती म्हणाली. मग इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. "परत आना बया तिला. एकदा हिचे मोकळे हात बघितल्यात मी."

बस निघाली. दोन्ही बाजूंनी काळी ढेकळं आणि पांढरा कापूस. तिप्पी आईच्या मांडीवर डोळे अर्धे मिटून पडली होती. हुलिगेम्मानं फुटका ताईत रुमालात बांधून मुठीत धरला होता.

"अक्कोरे, नवी चिठ्ठी तिथं लिवनार का?"

"न्हाई गं."

"मंग कशापायी जायाचं?"

खिडकीची काच खडखडत होती. अमरम्माला वाटलं, हे सांगितलंच नाही तर काय बिघडेल? पोरगी बरी होईल, घरी येईल, ताईत पुन्हा गळ्यात जाईल. हिच्या मनात चूक हिचीच राहील, भिजलेल्या कागदाची. तेवढी चूक ही पेलतेच आहे दोन वर्षं. पण तसं केलं तर ती झोळी मरेपर्यंत रिकामी व्हायची नाही, हेही तिला कळत होतं.

"हुलिगी, त्या कागदात ताकद नव्हतीच. कधीच नव्हती. तो गळ्यात बांधायचा न्हवता गं. तो घेऊन निंग्याला ह्याच बसनं, ह्याच दवाखान्यात न्यायचं व्हतं. तिथं त्यांनी दूध दिलं असतं, औषध दिलं असतं. तो निस्ता रस्ता सांगायचा कागद व्हता."

हुलिगेम्मानं मुठीतला रुमाल चाचपला.  बसनं दोन गावं मागं टाकली.

"भिजला म्हनून न्हाई गेला?"

"न्हाई."

"मंग तुमी सांगितलं का न्हाई?"

"जीप उभी होती," अमरम्मा म्हणाली. ते शब्द तिचे तिलाच ऐकू आले आणि लाजेनं तिची मान वर होईना. एक पोर जीव धरून होतं, आणि बाहेर जीप उभी होती. याहून मोठं काही कारण तिच्याजवळ नव्हतं.

हुलिगेम्मा ओरडली नाही, रडली नाही. तिनं तिप्पीला उचलून दुसऱ्या मांडीवर, खिडकीकडं घेतलं, अमरम्मापासून लांब. पुढं जिल्ह्यापर्यंत तिची पाठ अमरम्माकडंच राहिली. स्टँडवर उतरताना अमरम्मानं पोर घ्यायला हात पुढं केले, ते तिनं पाहिलेच नाहीत असं दाखवलं.

दवाखान्यातली ती खोली मागच्या अंगाला होती. आठ खाटा, भिंतीवर फळांची चित्रं, आणि दारात टेबल टाकून बसलेली एक पोक्त नर्सबाई. तिनं पोरगीचा दंड बघितला, सूज आहे का म्हणून पायावर अंगठा दाबून बघितला आणि चुकचुकली.

"चिठ्ठी?"

"मी स्वतः आलेय, बाई. कल्लमुडीची अंगणवाडी माझी."

"ते ठीक हाय. चिठ्ठी कुठाय?"

कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा अंगणवाडीच्या सतरंजीवर राहिला होता. बावीस वर्षांची नोकरी, आणि कागदावर राग काढून अमरम्मा कागदच विसरून आली होती.

"राहिली. इथं एखादा कोरा फॉर्म असंल तर..."

"इथं कुठला? ते तुमच्याकडंच असतात. चिठ्ठीबिगर मी दाखल करून घेतलं तर उद्या मलाच विचारतील. तुमाला म्हाईत न्हाई का हे? जा, घेऊन या."

"तीन तासांचा रस्ता हाय, बाई. पोरगी बघा की."

"बघितली. म्हनून तर म्हनते, लवकर जाऊन या."

अमरम्मा पुन्हा काही बोलणार, तोवर हुलिगेम्मा पुढं झाली. तिनं रुमालाची गाठ दातानं सोडली. फुटक्या नळीतून ती सुरळी काढली, टेबलावर ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ केली. कडा झिजलेल्या, घडीवर कागद विरलेला, एका कोपऱ्यात पाण्याचा जुना डाग. शिक्का मात्र दिसत होता.

"ही हाय चिठ्ठी," ती म्हणाली.

नर्सबाईनं चष्मा वर केला. वाचलं, पुन्हा वाचलं. "निंगप्पा? ही तर पोरगी हाय. आन् तारीख बघितली का? दोन वर्सांमागची! वरातीमागनं घोडं आनलंय व्हय?"

"व्हय," हुलिगेम्मा म्हणाली. "गावातनं हितवर यायला दोन वर्सं लागली तिला."

"निंगप्पा कोन?"

"हिचा अन्ना."

"मग त्याला कुठं ठेवला?"

हुलिगेम्मानं फुटकी नळी कागदाशेजारी ठेवली.  पंखा फिरत होता, पलीकडच्या खाटेवर एक पोर खोकत होतं. नर्सबाईनं त्या कागदाला पडलेल्या बारीक गोल वळ्या पाहिल्या, टेबलावरची तांब्याची नळी पाहिली, आणि तिचा चेहरा बदलला. किती आया तिच्यासमोर येऊन गेल्या असतील. तिला जास्त सांगावं लागलं नाही.

तिनं पेन घेतलं. "ह्याच्यावरच हिचं नाव लिवते. नवी चिठ्ठी उद्या आनून द्या, अक्कोरे, मी सांभाळून घेते." पेनचं टोक निंगप्पाच्या नावावर आलं. "हे वरचं खोडते."

"खोडू नगासा," हुलिगेम्मा म्हणाली.

नर्सबाई थांबली. तिनं वरचं नाव तसंच ठेवलं, त्याच्याखाली 'तिप्पव्वा, वय १८ महिने' असं लिहिलं आणि आजची तारीख टाकली. मग आईचं नाव विचारलं. हुलिगेम्मानं अमरम्माकडं पाहिलं. बसमधल्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं. कोंड्याची गोष्ट दोघींनाही आठवत होती. नाव लागलं की नजर लागते.

"माझं लिवा," अमरम्मा म्हणाली.

"न्हाई," हुलिगेम्मा म्हणाली. तिनं कागदावर बोट ठेवलं. "हुलिगेम्मा लिवा. मी हाय आई. दोगांचीबी."

खाट खिडकीजवळची मिळाली. तायम्माचं घोंगडं तिच्यावर अंथरलं. थोड्या वेळानं दवाखान्यातली मावशी वाटीत कोमट दूध घेऊन आली, साखर आणि तेल घातलेलं, आणि एक छोटा चमचा. "घोट घोट पाजायचं. घाई न्हाई करायची," तिनं बजावलं. अमरम्मा खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. परतीची बस, रात्रीची नर्सबाई, दुधाची वेळ, औषध, सगळं तिनं एकेक करून विचारून घेतलं, हुलिगेम्माकडून पुन्हा वदवून घेतलं. चिठ्ठी उद्या आणून देते आणि परवा पुन्हा येते असंही सांगितलं. हुलिगेम्मानं मान हलवली. माफ केलं असं काही त्यात नव्हतं. तसं अमरम्मानं मागितलंही नाही.

पहिला चमचा तिप्पीनं गिळला. दुसरा तिनं मुठीत पकडला, ओठांपासून लांब नेला आणि खाटेच्या रिकाम्या कडेला, उशीशेजारी धरला. दूध घोंगड्यावर सांडलं.

"अन्ना," ती म्हणाली.

मावशीनं दचकून तिकडं पाहिलं. अमरम्माला तिकडं बघायचा धीर झाला नाही.

हुलिगेम्मानं पोरीचा हात हळूच वळवला आणि चमचा पुन्हा भरला.

"तू खा, बाई," ती म्हणाली. "त्याचंबी नाव दिलंय आत. त्याला त्याचं येगळं मिळंल."

तिप्पीनं एकदा उशीकडं पाहिलं, एकदा आईकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं.